स्लाइड की निगेटिव्ह? रोल कॅमेऱ्यात घालण्याआधी हे ऐका

(ही या भागाची लेखी आवृत्ती. बोलताना येणारे 'म्हणजे' आणि 'तर' थोडे कमी केलेत, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

आजचा भाग एका प्रश्नावर आहे. आपल्याला ऐकणाऱ्या एका मुलीचा व्हॉइस मेसेज आला होता. तिचं आजोळ कोकणात. चिऱ्याचं, कौलारू, जुनं घर. वाटण्या झाल्यात आणि दिवाळीनंतर घर पाडायचं ठरलंय. यंदाच्या गणपतीला सगळे मामा-मावश्या शेवटचे त्या घरात जमणार. आजोबांचा फिल्म कॅमेरा तिच्याकडे आहे, ५० मिलिमीटरची लेन्स आहे, आणि मामानं दोन रोल आणून दिलेत. एक कोडॅकचा अल्ट्रामॅक्स ४००, दुसरा एक्टाक्रोम ई१००. दोन्ही ३६ फोटोंचे. ती म्हणते, "दुकानदार म्हणाला एक निगेटिव्ह आहे, एक स्लाइड आहे. मला फरक कळला नाही. कुठला रोल कशाला वापरू?"

प्रश्न छोटा वाटतो, पण घर पुन्हा उभं राहणार नाही आणि सगळी माणसं त्या ओटीवर पुन्हा जमणार नाहीत. त्यामुळे नीट उत्तर देऊ या. आधी फरक समजून घेऊ, मग तिचे दोन्ही रोल वाटून टाकू.

साचा आणि मूर्ती

गणपतीचाच विषय आहे तर तिथूनच उदाहरण घेतो. पेणच्या कारखान्यात साच्यातून मूर्ती निघते तसं काहीसं आहे हे. साच्यात सगळं उलटं असतं. जिथे मूर्तीचं पोट पुढे, तिथे साच्यात खड्डा. साचा कुणी देवघरात ठेवत नाही, पण एका साच्यातून कितीही मूर्ती काढता येतात आणि प्रत्येक मूर्तीचे रंग वेगळे देता येतात. दुसरीकडे एखादा मूर्तिकार शाडूची मूर्ती हातानं घडवतो. ती एकच असते. जशी झाली तशी झाली. पण समोर ठेवली की तीच मूर्ती, मधे दुसरं काही नाही.

निगेटिव्ह म्हणजे साचा. धुवून आलेली पट्टी उजेडासमोर धरली की आकाश काळपट, केस पांढरट, आणि सगळ्यावर नारिंगी झाक. ती बघायची वस्तू नाहीच. त्यावरून कागदावर प्रिंट काढायची किंवा स्कॅन करून उलटवायची, तेव्हा फोटो तयार होतो.

स्लाइड म्हणजे घडवलेली मूर्ती. २४ बाय ३६ मिलिमीटरच्या त्या तुकड्यात आकाश निळंच, झाड हिरवंच. उजेडासमोर धरलं की फोटो दिसला. पूर्वी या तुकड्यांना पुठ्ठ्याची किंवा प्लॅस्टिकची चौकट लावायचे आणि प्रोजेक्टरमधून भिंतीवर पाडायचे. कॅमेऱ्यात जी फिल्म होती तोच तुमचा अंतिम फोटो.

एवढं लक्षात ठेवलंत तरी पुढचं बहुतेक सगळं आपोआप सुटतं.

फिल्मच्या आत नक्की काय होतं?

दोन्ही फिल्मवर चांदीच्या क्षारांचे थर असतात. एक थर निळा उजेड पकडतो, एक हिरवा, एक लाल. उजेड पडला की त्या कणांवर खूण उमटते. डोळ्यांना न दिसणारी.

निगेटिव्ह धुण्याच्या प्रक्रियेला सी-४१ म्हणतात. पहिल्याच द्रावणात, म्हणजे कलर डेव्हलपरमध्ये, उजेड पडलेल्या कणांची चांदी होते आणि तिच्या शेजारीच रंग तयार होतो. नंतर चांदी काढून टाकतात, रंग राहतो. जिथे उजेड जास्त तिथे रंग जास्त, म्हणून उजळ जागा गडद होते. साचा तयार.

स्लाइडच्या प्रक्रियेचं नाव ई-६. इथे गंमत आहे. पहिला डेव्हलपर रंग बनवतच नाही, उजेड पडलेल्या कणांची नुसती काळी चांदी करतो. मग रिव्हर्सल बाथमध्ये उरलेल्या कणांना, म्हणजे ज्यांच्यावर उजेड पडलाच नव्हता त्यांना, रासायनिक खूण दिली जाते. पुढच्या कलर डेव्हलपरमध्ये रंग तयार होतो तो या उरलेल्या कणांपाशी. शेवटी सगळी चांदी काढली की जिथे भरपूर उजेड होता तिथे रंग जवळजवळ नाही, म्हणजे पारदर्शक. जिथे अंधार तिथे रंग गच्च. उलट्याचं सुलट झालं.

मग निगेटिव्हवर ती नारिंगी झाक कशाला? तर फिल्ममधले रंग शंभर टक्के शुद्ध नसतात. थोडा नको तो उजेडही शोषून घेतात, त्यामुळे प्रिंट मळकट येऊ शकते. ही झाक मुद्दाम ठेवलेली असते, तो दोष भरून काढायला. निगेटिव्ह कुणी थेट बघणार नाही म्हणून ती चालते. स्लाइड थेट बघायची असल्यामुळे तिथे अशी झाक ठेवता येत नाही.

अंदाज चुकला तर?

खरा फरक इथे आहे. फोटोग्राफीत 'स्टॉप' म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा. एका फोटोत सगळ्यात उजळ आणि सगळ्यात गडद जागेत किती अंतर मावतं, हे आपण स्टॉपमध्ये मोजतो.

स्लाइडमध्ये तपशिलासकट मावतं ते साधारण पाच-सहा स्टॉप. पाच स्टॉप म्हणजे ३२ पट. कलर निगेटिव्हमध्ये दहा किंवा थोडे जास्तच. दहा स्टॉप म्हणजे १०२४ पट! आकडा दुप्पट दिसतो, पण उजेडाचा हिशेब ३२ आणि १०२४ असा आहे.

आता कोकणातलं घर डोळ्यांसमोर आणा. खळ्यात लख्ख ऊन. ओटीवर सावली. माजघरात एक छोटी खिडकी आणि कौलातली काच. बाहेर आणि आत सहज आठ स्टॉपचा फरक असू शकतो. म्हणजे २५६ पट. माजघरात उभं राहून दारातून दिसणाऱ्या खळ्यासकट फोटो काढला, तर स्लाइडवर एक काहीतरी जाणार. आतलं जपलं तर खळं पांढरंफटक, खळं जपलं तर आजी काळ्या सावलीत गायब. निगेटिव्हवर दोन्ही बऱ्यापैकी येऊ शकतं.

दुसरी गोष्ट, उजेडाचं माप चुकणं. स्लाइडला अर्ध्या स्टॉपची चूकही दिसते. एक स्टॉप जास्त झाला की गोरेपणाच्या क्रीमच्या जाहिरातीसारखे चेहरे! निगेटिव्हला मात्र दोन स्टॉप जास्त उजेड मिळाला तरी चांगला फोटो निघतो. तिला कमी उजेड आवडत नाही. कमी पडला की सावल्यांत दाणे दिसतात, रंग मेल्यासारखे होतात.

म्हणून जुने फोटोग्राफर दोन वेगळे नियम पाळायचे. निगेटिव्ह असेल तर सावलीचं माप घ्या, शंका आली तर उजेड थोडा जास्त द्या. स्लाइड असेल तर उजळ भागाचं माप सांभाळा, शंका आली तर किंचित कमी द्या.

आणि आजोबांचा कॅमेरा! तीस-चाळीस वर्षं कपाटात पडलेल्या कॅमेऱ्याचा शटर मंद झालेला असू शकतो. १/२५० लावलं आणि प्रत्यक्षात १/१२५ पडलं, म्हणजे एक पूर्ण स्टॉप जास्त. निगेटिव्हवर तुम्हाला कळणारही नाही. स्लाइडवर अख्खा रोल पांढरट येईल.

मग स्लाइड वापरायचे कशाला?

हा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. उत्तर सोपं आहे: ते रंग! उजेडासमोर धरलेल्या स्लाइडमध्ये जी खोली आणि चमक दिसते ती कागदावरच्या प्रिंटला येत नाही. दुसरं कारण व्यावहारिक. मासिकाच्या संपादकाला स्लाइड लाइट टेबलवर ठेवून भिंगातून बघता यायची. फोटोग्राफरला कोणता रंग हवा होता याचा पुरावा समोरच. निगेटिव्हमध्ये प्रिंट करणारा ठरवेल तो रंग.

कोडॅकची कोडाक्रोम ही फिल्म १९३५ साली आली. ती बनवणारे लिओपोल्ड मॅन्स आणि लिओपोल्ड गोडॉव्स्की हे दोघंही मुळात संगीतकार होते. जून १९८५ च्या 'नॅशनल जिओग्राफिक'च्या मुखपृष्ठावरची हिरव्या डोळ्यांची अफगाण मुलगी, स्टीव्ह मॅकरी यांचा तो फोटो, कोडाक्रोमवरचाच. आपल्याकडे रघुबीर सिंग यांनी गंगा, राजस्थान, मुंबई हे सगळं रंगीत स्लाइडवर टिपलं, तेही गंभीर फोटोग्राफी म्हणजे कृष्णधवल असं मानलं जायचं त्या काळात.

कोडाक्रोम बनवणं कोडॅकनं २००९ मध्ये थांबवलं. कारखान्यातून निघालेला शेवटचा रोल मॅकरी यांना दिला. छत्तीस फोटो, बस्स. त्यातले काही त्यांनी मुंबईत काढले, अमिताभ बच्चन, आमिर खान, नंदिता दास यांचे. मग राजस्थानात जाऊन रबारी लोकांचे. कोडाक्रोमची धुण्याची प्रक्रिया एक्टाक्रोमपेक्षा वेगळी आणि किचकट होती, कारण रंग बनवणारी द्रव्यं फिल्ममध्ये नव्हतीच, ती धुताना घालावी लागायची. अमेरिकेत कॅन्ससमधल्या पार्सन्स गावातल्या शेवटच्या लॅबनं २०१० संपताना ते रोल घेणं बंद केलं. आज कुणाच्या माळ्यावर न धुतलेला कोडाक्रोम सापडला, तर त्यातले रंग मूळ पद्धतीनं काढून देणारी लॅब उरलेली नाही.

स्लाइड संपली मात्र नाही. फुजीची व्हेल्विया १९९० मध्ये आली. हिरवा आणि निळा असा भडक की निसर्गाचे फोटो काढणारे तिच्या प्रेमात पडले. पण माणसांच्या चेहऱ्यावर तिचा लालपणा उतरतो. प्रोव्हिया त्यामानानं शांत. एक्टाक्रोम कोडॅकनं मधे बंद केली होती, २०१८ मध्ये ई१०० म्हणून परत आणली. तिचे रंग स्वच्छ, फार भडक नाहीत.

आणि लग्नाचे अल्बम? ते निगेटिव्हवर. मांडवात हॅलोजन, बाजूला ट्यूब, समोर फ्लॅश, वर कापडाचा लाल उजेड. अशा खिचडीत स्लाइड टिकणार नाही. शिवाय प्रत्येक आत्याला, मावशीला प्रत हवी असते. घरच्या जुन्या अल्बमच्या मागच्या पाकिटात पट्ट्या सापडल्या तर टाकू नका. अल्बममधली प्रिंट विटली असली तरी त्या साच्यातून नवी निघू शकते.

दिव्याचा रंग

आपले डोळे फसवे असतात. पिवळ्या बल्बखाली पांढरा सदरा आपल्याला पांढराच दिसतो. फिल्मला नाही. या दोन्ही फिल्म दिवसाच्या उजेडासाठी बनवलेल्या आहेत. जुन्या बल्बखाली फोटो नारिंगी येतो, ट्यूबलाइटखाली हिरवट. निगेटिव्हवर हे स्कॅन करताना बऱ्याच अंशी सावरता येतं. स्लाइडवर मूळ फोटोच तसा होतो. स्कॅन सुधारता येईल, पण हातातली स्लाइड नारिंगीच राहणार. मग ती स्लाइड असण्याचा उपयोग काय?

खिसा आणि लॅब

स्लाइडचा रोल साध्या कलर निगेटिव्हपेक्षा बराच महाग असतो, बहुधा दुपटीच्या आसपास. धुण्याचा खर्चही जास्त. पण पैशापेक्षा मोठी अडचण लॅबची. सी-४१ करणारे मिळतात. ई-६ करणारे मोजके. म्हणून रोल विकत घेण्याआधी लॅबला फोन करा आणि नेमकं विचारा, "ई-६ करता का? की सी-४१ मध्येच धुणार?" कारण स्लाइड फिल्म सी-४१ मध्येही धुता येते. त्याला क्रॉस प्रोसेसिंग म्हणतात. रंग विचित्र येतात, कॉन्ट्रास्ट वाढतो, आणि हातात स्लाइड न येता निगेटिव्ह येते. मुद्दाम केलं तर मजा आहे. आजीच्या फोटोवर नकळत झालं तर नाही.

स्कॅनिंगचं थोडक्यात सांगतो. स्लाइडमध्ये रंग जुळवायला मूळ वस्तू समोर असते, हा फायदा. पण तिच्या गडद भागातून उजेड कमी पार होतो, म्हणून स्वस्त स्कॅनर सावल्यांतला तपशील गमावतो. निगेटिव्हमध्ये उलटवणं आणि नारिंगी झाक काढणं हे काम असतं, आणि ते कोण करतंय यावर रंग बदलतात. दोन लॅबमधून एकच पट्टी स्कॅन करून आणलीत तर दोन वेगळे फोटो वाटू शकतात. आवडले नाहीत तर घाबरू नका, पट्टीत सगळं आहे, परत स्कॅन करा.

तर मग, तिचे दोन रोल

माझं उत्तर असं. माणसं आणि घराचा आतला भाग अल्ट्रामॅक्सवर. आजी, चूल, देवघर, माजघर, जेवणाची पंगत, ओटीवर बसलेले मामा, सगळं. कारण तिथे उजेड कमी आणि फरक जास्त. थोडा हिशेब करून दाखवतो. माजघरासारख्या जागेत, लेन्स एफ २ ला उघडली, तर १०० आयएसओच्या स्लाइडला साधारण १/१५ सेकंद लागेल. हातात धरून हललाच फोटो. ४०० च्या निगेटिव्हला १/६० पुरेल. हात स्थिर असेल किंवा दाराच्या चौकटीला टेकून उभं राहता येत असेल तर १/३० द्यायला हरकत नाही, निगेटिव्हला तो एक स्टॉप जास्तीचा आवडतोच. माप घ्यायला फोनवर लाइट मीटरची ॲप मिळतात. फक्त खिडकीकडे नको, आजीच्या चेहऱ्याकडे रोखून माप घ्या. संध्याकाळची आरती, समई, दिव्यांच्या माळा, तेही याच रोलवर.

स्लाइड बाहेरच्यासाठी. पण कडक उन्हात नाही! गणपतीच्या दिवसांत कोकणात आभाळ बऱ्याचदा भरलेलं असतं. लोकांना वाटतं ऊन नाही तर फोटो काय काढायचा. स्लाइडसाठी हाच सोन्याचा उजेड. ढगांमुळे सावल्या मऊ होतात, फरक पाच स्टॉपच्या आत येतो, आणि ओले चिरे, कौलांवरचं शेवाळ, परसातली केळ यांचे रंग दाटून येतात. आकाश मात्र फोटोत कमीत कमी घ्या, ते पांढरं जाईल. एकेका महत्त्वाच्या फोटोचे दोन घ्या, एक मापाप्रमाणे, दुसरा अर्धा स्टॉप कमी. म्हणजे ३६ ऐवजी १८ च फोटो होतील. चालेल. अठरा चांगल्या स्लाइड म्हणजे खूप झाल्या.

सगळ्यांचा एकत्र फोटो? निगेटिव्हवर. आणि फोनवरही काढून ठेवा. जुन्या कॅमेऱ्यात रोल अडकू शकतो, रोल परत गुंडाळण्याआधी मागचं झाकण उघडू शकतं. जो क्षण परत येणार नाही तो एकाच पट्टीवर सोडू नये.

कॅमेऱ्याचीच शंका असेल तर गणपतीआधी एखादा स्वस्त निगेटिव्हचा रोल घालून धुवून बघा. एवढं करायला वेळ नसेल तर स्लाइडचा रोल सरळ बाजूला ठेवा, फ्रिजमध्ये टिकतो. बाहेर काढल्यावर मात्र लगेच डबी उघडायची नाही, खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर फिल्मवर दव धरतं. परतल्यावर दोन्ही रोल लवकर धुवायला टाका. धुऊन आलेल्या पट्ट्या आणि स्लाइड कोरड्या जागी, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत. कोकणच्या दमटपणात बुरशी कुणाची गय करत नाही.

घरी करून बघा

ज्यांच्याकडे फिल्म कॅमेरा नाही त्यांच्यासाठी एक प्रयोग. फोनच्या कॅमेऱ्यात प्रो मोड असेल तर तो लावा, एचडीआर बंद करा. दुपारी खिडकी असलेल्या खोलीत उभे राहा आणि एक फोटो खिडकीबाहेरच्या उजेडाप्रमाणे, दुसरा खोलीतल्या उजेडाप्रमाणे घ्या. एकात खोली काळी, दुसऱ्यात खिडकी पांढरी. स्लाइड वापरणारा रोज हाच निर्णय घ्यायचा. मग एचडीआर चालू करा. फोन झटपट अनेक फोटो घेऊन जोडतो आणि दोन्ही दाखवतो. रॉ फाइल काढता येत असेल तर तीही बघा. नंतर बरंच बदलता येतं म्हणून ती निगेटिव्हच्या स्वभावाची. जेपेग स्लाइडच्या स्वभावाची, निघाली तशी निघाली. एक फरक मात्र आहे. रॉमध्ये उजळ भाग एकदा पांढरा गेला की गेला, तिथे निगेटिव्हसारखी माफी नाही.

पुढच्या भागात जुन्या निगेटिव्हच्या पट्ट्या फोननं कशा स्कॅन करायच्या ते सांगणार आहे. घरी अल्बमच्या पाकिटात पट्ट्या सापडतात का, तेवढं शोधून ठेवा. भेटू!